स्वप्नात शुद्धीवर येणं: शिकता येतं का, आणि हेडफोनने काही होतं का?

यूट्यूबवर ‘ल्युसिड ड्रीम’ एवढं टाकलं की आठ-आठ तासांच्या ऑडिओंची रांग लागते. जांभळं आकाश, त्यात तरंगणारा माणूस आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: हेडफोन लावा, झोपा, आज रात्रीच स्वप्नाचा ताबा तुमच्या हाती. माझा भाचा असलं काहीतरी लावून झोपतो आणि सकाळी कान दुखतो म्हणून कुरकुरतो. एक दिवस त्याने सरळच विचारलं, “मामा, यात काही तथ्य आहे, की नुसतीच शेंडी लावतात?”

त्याला दिलेलं उत्तर आधीच सांगून टाकतो. स्वप्नात शुद्धीवर येणं खरं आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे, आणि बऱ्याच जणांना सरावाने ते जमतं. त्यात आवाजाची मदत होते, हेही खरं. पण ज्या तऱ्हेचा आवाज लोक रात्रभर कानात घालून झोपतात, त्याने बहुधा काही होत नाही. असं का, हे समजायला आधी झोपेत डोकं काय करतं ते पाहावं लागेल.

आधी हे प्रकरण काय आहे ते. स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे स्वप्न आहे’ हे कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. उडणं, समुद्राच्या तळाशी फिरणं, गेलेल्या आजीशी गप्पा मारणं, हे सगळं पुढचं. ते कधी जमतं, कधी नाही. कळणं एवढीच मूळ अट. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं सांगितलं. महिन्याला एकदा किंवा त्याहून जास्त वेळा पडणारे साधारण २३ टक्के. म्हणजे हा काही योगी-तपस्व्यांचा मक्ता नाही. लहानपणी वाईट स्वप्नात ‘हे स्वप्नच आहे, उठ आता’ असं स्वतःला बजावून जागे झालेले कितीतरी जण असतील. त्यांनी ते केलेलंच आहे, फक्त त्याला नाव असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

साखरझोपेचं महत्त्व

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. ते खरं होतं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, पण पहाटेचीच स्वप्नं लांबलचक, रंगीत आणि लक्षात राहणारी का असतात, याला पक्कं कारण आहे.

रात्रीची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅझरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. मेंदू तेव्हा जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो, आणि ठसठशीत स्वप्नं मुख्यतः इथेच पडतात. पहिल्या फेरीत हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो. रात्र सरते तसा तो लांबतो, आणि पहाटे पहाटे अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातो. आपण जिला साखरझोप म्हणतो ती हीच वेळ. शिवाय स्वप्न संपता संपताच जाग येते, म्हणून ते आठवतंही.

त्यामुळे रात्री साडेदहाला दिवा मालवताना लावलेला ऑडिओ चुकीच्या वेळेला लावलेला असतो. पहिले तीन-चार तास गाढ झोपेचे. त्या वेळी काहीही वाजवलं तरी ऐकायला घरात कुणी नसतं म्हणा ना.

रेममध्ये आणखी एक गोष्ट घडते. मेंदू मानेखालच्या बहुतेक स्नायूंना सैल सोडतो, म्हणून स्वप्नात धावताना आपण पलंगावरून पळत सुटत नाही. श्वास चालू असतो आणि डोळे हलते असतात. पुढच्या सगळ्या संशोधनाचं दार या हलत्या डोळ्यांनीच उघडलं.

कागदावरच्या रेघा

एप्रिल १९७५. इंग्लंडमधलं हल विद्यापीठ. अ‍ॅलन वर्स्ली नावाचा माणूस डोक्याला आणि डोळ्यांच्या कडांना तारा चिकटवून झोपलेला, आणि कीथ हर्न हा तरुण संशोधक सरकत्या कागदावर पेनांनी उमटणाऱ्या रेघा पाहत बसलेला. वर्स्लीला सजग स्वप्नं वारंवार पडत. दोघांनी आधी ठरवून ठेवलं होतं की स्वप्नात शुद्ध आली की त्याने हात हलवायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण हात हलणारच नाहीत. नजर पार डावीकडे न्यायची, मग पार उजवीकडे, आणि हे लागोपाठ काही वेळा करायचं.

रेम झोपेतली डोळ्यांची रेघ एरवी गिचमिड असते, लहान मुलाने पेन्सिल फिरवावी तशी. त्या गिचमिडीतून त्या दिवशी अचानक मोठे, सारख्या मापाचे, ठरवून काढल्यासारखे चढउतार उमटले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मेंदूची आणि स्नायूंची रेघ मात्र सांगत होती की माणूस झोपेतच आहे. झोपलेल्या माणसाने ठरवल्याप्रमाणे बाहेर निरोप पाठवला होता, आणि तो कागदावर होता.

अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनाही स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली, आणि त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. तोवर अनेक जाणत्यांचं मत असं होतं की हे लोक झोपेत क्षणभर जागे होतात आणि त्यालाच स्वप्न समजतात. डोळ्यांच्या खुणांनी त्या शंकेतली हवा काढली.

२०२१ साली तर गोष्ट आणखी पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांवर प्रयोग केले. झोपलेल्या माणसाला सजग स्वप्न पडत असताना बाहेरून प्रश्न विचारायचा, आणि त्याने झोपेतूनच उत्तर द्यायचं. एकाला विचारलं, आठ वजा सहा किती? त्याने डोळे दोनदा डावी-उजवीकडे नेले. दोन! एकूण १५८ वेळा प्रश्न विचारले गेले आणि सुमारे १८ टक्के वेळा बरोबर उत्तर आलं. चूक उत्तर आलं ते जेमतेम ३ टक्के वेळा. बाकी बहुतेक वेळा उत्तरच नाही, किंवा नीट कळणार नाही असं. परीक्षेच्या हिशेबाने नापास, पण झोपलेल्या माणसाकडून १८ टक्के म्हणजे कमालच.

आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की बाहेरचा आवाज स्वप्नात पोचतो, आणि कधी कधी त्याचा अर्थही लागतो.

पोचतो, पण किती?

विल्यम डेमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ साली एक साधाच प्रयोग केला होता. रेम झोपेतल्या लोकांना तीन प्रकारे डिवचायचं आणि मग उठवून स्वप्न विचारायचं. अंगावर पाण्याचा फवारा मारला तेव्हा ४२ टक्के स्वप्नांत त्याचा मागमूस सापडला: गळकं छप्पर, अचानक आलेला पाऊस असं काहीबाही. डोळ्यांवर प्रकाश टाकला तेव्हा २३ टक्के. आणि एकसुरी आवाज ऐकवला तेव्हा? फक्त ९ टक्के.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. कोरा, अर्थहीन सूर मेंदू दारातूनच परत पाठवतो. आपलं नाव हाक मारल्यासारखं ऐकू आलं तर मात्र झोपलेला मेंदूही वेगळा प्रतिसाद देतो, हे मेंदूलहरींच्या नोंदींतून दिसलेलं आहे. आवाज मोठा आहे की लहान याइतकंच, त्या आवाजाचा आपल्याशी काही संबंध आहे का, हेही तिथे तपासलं जातं.

सतत चालणाऱ्या आवाजाचं तर विचारूच नका. पंख्याची घरघर आपण रात्रभर ऐकत नाही. वीज गेली आणि पंखा थांबला की अख्खं घर उठून बसतं. मेंदू बदल टिपतो. आठ तास एकसारखा वाहणारा ऑडिओ हा त्याच्या लेखी दुसरा पंखाच.

आता बायनॉरल बीट्सकडे वळू, कारण बाजारातला निम्मा माल याच नावाने विकला जातो. एका कानात २०० हर्ट्‌झचा सूर आणि दुसऱ्यात २०६ हर्ट्‌झचा सोडला, तर ऐकणाऱ्याला सेकंदाला सहा वेळा कमी-जास्त होणारी एक लाट जाणवते. ही लाट बाहेर कुठेच नसते. दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूच्या बुंध्याशी एकत्र येतात तिथे ती तयार होते. हाइनरिश डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे १८३९ साली लक्षात आलं होतं. म्हणजे घटना खरी आहे, फसवणूक नाही. हेडफोनशिवाय तिचा उपयोग नाही, हेही विक्रेते बरोबरच सांगतात.

गाडी अडते ती पुढच्या दाव्यावर. दावा असा: रेम झोपेत मेंदूत थीटा लहरी असतात, त्यांचा वेग सेकंदाला ४ ते ८, म्हणून कानात सहाची लाट सोडली की मेंदू त्या लयीला लागतो, आणि सजग स्वप्न पडतं. यात दोन उड्या आहेत. कानातल्या लाटेमागे मेंदूलहरी खरंच जातात का, यावर प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत. आणि समजा गेल्या, तरी थीटा लहरी म्हणजे सजग स्वप्न नव्हे. थीटा पेंगताना असतात, साध्या स्वप्नातही असतात. रेम झोप सुरू होते ती मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींमुळे आणि अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या घडामोडींमुळे. बाहेरून ताल धरून ती यंत्रणा हलवता येते, याचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. बायनॉरल ऑडिओ ऐकून निवांत वाटत असेल तर झोपण्यापूर्वी खुशाल ऐका. त्यासाठी पैसे मात्र देऊ नका.

‘मला जाणीव होईल, मला जाणीव होईल’ असं पुटपुटणाऱ्या सूचनांचे ऑडिओ हा दुसरा प्रकार. झोपी जाण्यापूर्वी ऐकून मनात संकल्प पक्का होत असेल, तर त्यात वावगं काही नाही. पण संकल्प ऐकण्यापेक्षा तो स्वतः करण्याचा परिणाम जास्त, असं माझं मत. का, ते पुढे येईलच.

वॉल्ट्‌झची पेटी

आवाजाचा खरा उपयोग काय, हे दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाला कळलं होतं. एर्वे द सँ-दनी हा चिनी भाषेचा मोठा अभ्यासक. लहान वयापासून तो आपल्या स्वप्नांच्या वह्या ठेवत असे. १८६७ साली स्वप्नांवर ताबा कसा मिळवावा यावर त्याने एक पुस्तक छापलं, तेही नाव न घालता. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो.

त्या काळी पॅरिसमध्ये नाचाच्या मैफली होत. या महाशयांनी वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी संधान बांधलं: मी अमुक एका बाईंबरोबर नाचायला उभा राहिलो की हा वॉल्ट्‌झ वाजवायचा, आणि दुसऱ्या एका बाईंबरोबर असलो की तो. दुसऱ्या कुणाबरोबर असताना हे दोन्ही वाजवायचे नाहीत. असं बरेच दिवस चाललं. मग त्याने त्या दोन चालींची संगीतपेटी मिळवली आणि ती गजराच्या घड्याळाला अशी जोडली की पहाटे झोपेतच आपोआप वाजावी. पहिली चाल वाजली की पहिल्या बाई स्वप्नात, दुसरी वाजली की दुसऱ्या. दरवेळी नाचाच्या दालनातच असं नाही, पण येत त्याच.

पद्धत बघा. चालीत स्वतःचं काही सामर्थ्य नव्हतं. जागेपणी तिला अर्थ चिकटवला गेला होता, आणि झोपेत ती वाजली तेव्हा तो अर्थ वर आला. पदराला गाठ मारून ठेवली की गाठ हाताला लागताच काम आठवतं. पण गाठ कशासाठी मारली तेच ठाऊक नसेल, तर ती नुसती गाठ. यूट्यूबवरून उचललेला ऑडिओ ही दुसऱ्याने मारलेली गाठ आहे.

आजच्या प्रयोगशाळांत नेमकं हेच करतात. मिशेल कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सकाळच्या डुलकीपूर्वी साधारण वीस मिनिटं तयारी करायला लावली. अधूनमधून एक ठरावीक बीप वाजायचा आणि दिवा लुकलुकायचा. प्रत्येक वेळी त्या माणसाने थांबून स्वतःकडे नीट लक्ष द्यायचं: मी आत्ता काय पाहतोय, अंगाला काय जाणवतंय, मनात काय चाललंय, हे नेहमीपेक्षा वेगळं आहे का, मी स्वप्नात तर नाही? मग झोप. रेम सुरू झाल्याचं यंत्रावर दिसलं की तेच बीप, तोच दिवा, हळू. निम्म्या लोकांना त्या एकाच डुलकीत सजग स्वप्न पडलं. तयारी करूनही झोपेत खुणा न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं.

घरी हे जमतं का? कॅरन कोन्कोली आणि केन पॅलर यांनी २०२४ साली मोबाइलवरच्या प्रयोगाचे निकाल दिले. पहिल्या भागात १९ जण होते. आधीच्या आठवड्यात त्यांना सरासरी ०.७४ सजग स्वप्नं पडली होती, आवाजाच्या आठवड्यात २.११. पुढच्या, मोठ्या भागात असंही दिसलं की तयारीत वापरलेलाच आवाज रात्री वाजवला तर फायदा जास्त. तयारीशी संबंध नसलेला आवाज वाजवला किंवा काहीच वाजवलं नाही, तर कमी. मला वाटतं भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर या एका तुलनेत आहे. मोबाइल तोच, झोप तीच, आवाजही आवाजच. जागेपणी त्याला अर्थ दिला होता का, एवढाच फरक. अर्थात, असल्या प्रयोगांत नाव देणारे लोक मुळातच या विषयाचे शौकीन असतात. शेजारच्या काकूंना हाच आकडा लागू पडेल असं धरून चालू नये.

मग नवशिक्याने काय करावं

पहिला महिना आवाजाच्या वाटेलाच जाऊ नका. उशाशी वही ठेवा. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, आधी स्वप्नाचं शेपूट पकडायचं आणि मग लिहायचं. मोबाइल हातात घेतलात की संपलं. व्हॉट्सअ‍ॅपचा पहिला मेसेज वाचेपर्यंत स्वप्न पार पुसलेलं असतं. ज्याला स्वप्नंच आठवत नाहीत, त्याला सजग स्वप्न पडलं तरी सकाळी कळणार कसं? वही भरत गेली की स्वतःच्या स्वप्नांच्या सवयी दिसू लागतात. कुणाची परीक्षा नेहमी बुडते, कुणाला जुन्या वाड्याचा जिना सारखा दिसतो, कुणाची एसटी सुटते. या तुमच्या खुणा. दिवसा असलं काही विचित्र घडलं की थांबून विचारायचं, हे स्वप्न तर नाही? नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा (स्वप्नात बहुधा तो घेता येतो), किंवा पाटीवरचं वाचून, नजर वळवून, पुन्हा वाचायचं. स्वप्नातली अक्षरं जागच्या जागी राहत नाहीत.

नुसत्या या दिवसाच्या तपासणीने मात्र फारसं हाती लागत नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डेनहोम अ‍ॅस्पी यांनी १६९ लोकांना घेऊन केलेल्या, २०१७ साली आलेल्या अभ्यासात फक्त तपासणी करणाऱ्यांना लक्षात येण्याजोगा फायदा झाला नाही. फायदा झाला तो तपासणी, पहाटे उठणं आणि लाबर्ज यांची संकल्पाची पद्धत हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना.

ती पद्धत अशी. पाच तास झोप झाल्यावर उठायचं. आपल्याकडे पुष्कळ घरांत नळाला पाणी पहाटेच येतं. आयतीच वेळ साधते. पाच-दहा मिनिटं जागं राहायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं. पुन्हा पडलं की मनात म्हणायचं, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल’. नुसती पोपटपंची नको. तेच स्वप्न पुन्हा डोळ्यांपुढे आणायचं, आणि ज्या जागी खूण होती तिथे आपण ओळखतोय असं पाहायचं. ‘बाजारातून येताना जोशीकाकांना पत्र दे’ हे आपण जसं मनाशी धरून निघतो, तीच ही स्मरणशक्ती. त्या अभ्यासात तिन्ही एकत्र करणाऱ्यांना साधारण १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. आणि संकल्प झाल्यावर पाच मिनिटांच्या आत झोपी गेलेल्यांना सुमारे ४६ टक्के. इथेच मला ते चाळीस मिनिटांचे मार्गदर्शनपर ऑडिओ खटकतात. मनात संकल्प घेऊन झटकन झोपायचं असताना कानाशी कुणीतरी बोलतच राहिलं, तर झोप लागणार कधी?

एवढं अंगवळणी पडल्यावर आवाज घ्या. छोटा, सौम्य, दोन सेकंदांचा. घंटीचा एक टोला किंवा तानपुऱ्याची एक तार चालेल. नेहमीचा गजर, फोनची रिंग किंवा मेसेजचा सूर नको. त्यांना आधीच दुसरे अर्थ चिकटलेले आहेत. झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं तो मिनिटाभराने, मग अनियमित अंतराने वाजवत, दर वेळी वर सांगितलेली तपासणी मनापासून करायची. कंटाळा येतो, पण खरं काम इथेच होतं. मग रेकॉर्डिंग असं करायचं की पाच-साडेपाच तास शांतता आणि त्यानंतर दर काही मिनिटांनी तो टोला. किंवा पहाटे उठाल तेव्हाच सुरू करायचं.

आवाजाची पातळी हा सगळ्यात नाजूक भाग. मोठा झाला की जाग येते, लहान झाला की पंख्यात विरून जातो. पडल्या पडल्या, पंखा चालू ठेवून, कान दिला तरच ऐकू येईल इतक्यावर सुरुवात करा आणि रोज एकेक पायरी चढवा. हेडफोनची गरज नाही. उशीपासून हातभर अंतरावर ठेवलेला फोनचा स्पीकर पुरे. फोन उशीखाली घालू नका, चार्जिंगला लावून तर नाहीच. हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकून झोपणारं घर असेल, तर पहाटे चारला टोले सुरू होण्याआधी घरच्यांची परवानगी काढा. नाहीतर सजग तुमच्याऐवजी आईच होईल.

प्रयोगशाळेत रेम सुरू झाली हे यंत्र सांगतं. मनगटावरची घड्याळं नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतात, तोही कधी चुकतो. म्हणून घरी बरेच टोले वाया जाणार हे धरून चालायचं. शिवाय आवाज स्वप्नात घंटी म्हणूनच येईल असं नाही. तो कुकरची शिट्टी होतो, देवळातली घंटा होतो, स्वप्नातल्या कुणाच्या तरी खिशातला फोन होतो. त्यामुळे तयारीतच मनाशी ठरवायचं, की असा कुठलाही आवाज कुठूनही आला तरी थांबून विचारायचं.

पहिल्यांदा जमतं तेव्हा बहुतेकांना इतका आनंद होतो की त्या आनंदानेच जाग येते. स्वप्नातले हात एकमेकांवर चोळा, समोरची भिंत जवळून निरखा. स्वप्न थोडं जास्त टिकतं असा अनेकांचा अनुभव आहे.

कुणी दूर राहावं

पहाटे मोडलेली झोप ही झोपच मोडलेली असते. परीक्षा तोंडावर असलेल्यांनी, रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि सकाळी लांब गाडी चालवणाऱ्यांनी हा उद्योग रजेच्या दिवसापुरता ठेवावा. ज्यांना खरं-खोटं यातली सीमा पुसट होण्याचा मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नये. उलट, वारंवार भयानक स्वप्नं पडणाऱ्यांवर याच तंत्राचा उपचार म्हणून प्रयोग झालेला आहे, पण तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

मध्येच उठण्या-झोपण्यात कधी कधी जाग येते आणि अंग मात्र हलत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्याचा दोष भुताखेतांना देतात. स्नायू सैल सोडणारी रेमची व्यवस्था अजून उठलेली नसते आणि डोकं आधी जागं झालेलं असतं, एवढंच. श्वास चालू असतो. घाबरून धडपडण्यापेक्षा बोटाचं टोक हलवायचा प्रयत्न करत पडून राहावं. थोड्या वेळात सुटतं.

इंटरनेटवर या नादात गॅलँटामीन नावाच्या गोळ्याही सुचवतात. त्यांचा परिणाम होतो, हे खरं आहे. २०१८ साली १२१ जणांवर झालेल्या अभ्यासात नकली गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना, ४ मिलिग्रॅमवाल्यांपैकी २७ टक्क्यांना आणि ८ मिलिग्रॅमवाल्यांपैकी ४२ टक्क्यांना सजग स्वप्न पडलं. त्यात पहाटे उठणं आणि संकल्प हेही होतंच. पण हे अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते औषध. ते शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतं. स्वप्नात उडण्यासाठी ते घेण्यात शहाणपण नाही.

आणि महिनाभर वही लिहून, संकल्प करून, टोले वाजवून एकदाही जमलं नाही तर? आवाज बदलत बसू नका, महागडं अ‍ॅपही घेऊ नका. आधी टोले बंद करा, रोज अर्धा तास लवकर झोपा आणि सुट्टीच्या सकाळी गजर न लावता साखरझोप पुरी होऊ द्या. रेम वाढवायचा त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. भाच्याला मी आधी एवढंच करायला सांगितलंय. हेडफोन त्याने काढलेत. वही अजून कोरी आहे.